वाळवीची तारीख

"उबेच्या खोलीत घाईनं शिरायचं नाही, सूनबाई. आधी दाराशी उभी राहा, धाप खाली बसू दे, मग कडी काढ. आत माल नाही, जीव आहेत."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं लोटली होती. पण कडीला हात घातला की वहिनीच्या कानात हे शब्द त्याच ठाम, बसक्या आवाजात उमटायचे आणि तिचे पाय आपोआप थबकायचे. धाकटी जाऊ तिला हसायची. "वहिनी, आत काय कुणी झोपलंय का?" वहिनी म्हणायची, "झोपलेत तर. शेकड्यानं झोपलेत." आणि हळूच कडी काढायची.

घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची लांबट खोली, हीच त्यांची अंडी उबवायची हॅचरी. सासूबाईंनी एका कपाटावर सुरू केलेली. आता आत तीन जुनी लाकडी कपाटं होती आणि एक नवं, पोलादी. जुन्या कपाटांना बाहेरून दांडा होता. येता-जाता कुणीतरी तो दांडा खाली ओढायचा, नंतरचा येणारा वर करायचा; आतले ट्रे एकदा या बाजूला कलायचे, एकदा त्या बाजूला. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि तिथेच संपतो. म्हणून दांड्यापाशी रिकाम्या हातानं उभं राहायची या घरात कुणाची टाप नव्हती. पाहुणा आला तरी सासूबाई त्याला म्हणायच्या, "उभेच आहात तर तेवढा दांडा ओढा."

नव्या कपाटाला दांडा नव्हता. त्याला कॉम्प्युटर होता. शेजारच्या टेबलावर तो बसलेला असायचा आणि कपाटाचं सगळं तोच बघायचा. ऊब किती, दमटपणा किती, ट्रे कधी कलवायचे, सगळं. अंडी ठेवली की त्याला तारीख सांगायची आणि कोणत्या पक्ष्याला किती दिवस लागतात ते सांगायचं. मग दिवस तो स्वतःच मोजायचा. शेवटचे दिवस आले की ट्रे कलवणं बंद करायचा, कारण तेव्हा पिल्लू बाहेर यायच्या तयारीनं आत आपली जागा धरून बसतं. पिल्लं बाहेर पडायचा दिवस उलटला की ऊबही उतरवायचा. ते यंत्र चालवायचं शिक्षण वहिनीनं घेतलं होतं. भाऊजींना, म्हणजे तिच्या धाकट्या दिराला, त्याचा थोडा हेवा वाटायचा. "आमच्या वहिनी म्हणजे शिकलेल्या मॅडम," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, अर्धं कौतुकानं आणि अर्धं टोमण्यानं.

मॅडम असली तरी वहिनीचा एक नेम होता. सकाळी तोंडात घास घालण्याआधी ती प्रत्येक कपाटातलं एक-एक अंडं काढून कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोपटात न्यायची आणि दिव्यासमोर धरायची. कवच आतून तांबूस उजळायचं. बारीक लाल शिरांचं जाळं दिसायचं आणि मधे एक काळा ठिपका हलायचा. तो हलला की ती मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि अंडं जागेवर ठेवून मग चहाला बसायची. ताप असो, पाहुणे असोत, हा नेम तिनं कधी चुकवला नव्हता.

त्या महिन्यात नव्या कपाटात कोंबड्यांची अंडी नव्हती. करकोच्यांची होती.

तळ्याचा राखणदार ती घेऊन आला होता. गाव संपलं की पुढे मोठं पाणथळ तळं होतं आणि त्याच्या काठच्या लव्हाळ्यात उंच पायांच्या करकोच्यांची शेवटची काही घरटी उरली होती. तळ्याचा बांध फुटायला आला होता. त्याची दुरुस्ती निघाली आणि नेमकी अंडी घालायच्या दिवसांत यंत्रांचा धडाका सुरू झाला. दणका झाला की पक्षी उठायचे, अंडी उघडी पडायची, कावळे टपलेलेच. राखणदारानं वरच्या साहेबांना विनवलं, काम थांबेना. मग तो हॅचरीच्या दारात येऊन उभा राहिला. छातीशी लोकरीच्या कापडात गुंडाळलेली पेटी, आणि चेहरा असा, जणू स्वतःचं काळीज हातात घेऊन आलाय.

"ताई, काम संपेपर्यंत सांभाळा. मग मी परत नेऊन त्यांच्याखाली ठेवीन."

"पण अंडी नाहीत म्हटल्यावर पक्षी घरट्यात थांबतील?" भाऊजींनी विचारलं.

राखणदारानं खिशातून एक अंडं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. फिकट मातकट, तपकिरी ठिपक्यांचं, हाताला चांगलं जड. भाऊजींनी ते जपून दोन्ही हातांत धरलं. राखणदार म्हणाला, "लाकडाचं आहे. मीच कोरलंय. आत शिसं भरलंय, वजनाला. प्रत्येक घरट्यात अशी ठेवून आलोय."

"आणि फसतात?" धाकटीनं विचारलं.

"फसत नसतील हो. आपल्या मनाची समजूत घालून बसत असतील. दणका झाला की उठतात, थांबला की परत येऊन बसतात. लाकूड उबवतात बिचारे." मग तो नव्या कपाटाकडे वळला. "हे चांगलं आहे ना?"

"आमच्याकडचं सगळ्यात चांगलं तेच," वहिनी म्हणाली. त्या कपाटातली कोंबड्यांची अंडी तिनं त्याच दुपारी जुन्यात हलवली. पाहुण्याला चांगली खोली द्यावी, तसं.

पहिल्या आठवड्यानंतर तिनं एकेक अंडं दिव्यासमोर धरलं आणि प्रत्येकात काळा ठिपका हलताना बघितला. राखणदाराला फोन केला तेव्हा तो पलीकडून नुसता हसत राहिला. त्यानं दिलेला नंबर बांधावरच्या झोपडीचा होता. मागे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता आणि त्या खडखडाटात त्याचं ते हसणं.

*

वाळवीची बातमी आधी रेडिओवर आली, मग वर्तमानपत्रात, मग सगळ्यांच्या तोंडी. जगभरच्या कॉम्प्युटरांत म्हणे एक व्हायरस कधीचा लपून बसला होता. लाकडात वाळवी बसावी तसा. वरून काही दिसायचं नाही. पण महिन्याची शेवटची तारीख उजाडली की तो जागा होणार आणि यंत्रात जे-जे असेल ते खाऊन टाकणार. पुढच्या महिन्यातही एकदोनदा उठेल, असंही काही जण म्हणत होते. भाजीच्या दुकानात, केस कापायच्या दुकानात, जिकडे-तिकडे तोच विषय. ज्यांनी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नव्हता तेसुद्धा मान हलवून म्हणायचे, "कठीण आहे बुवा."

भाऊजी पेपर घेऊन उबेच्या खोलीतच येऊन बसले. "ऐका वहिनी, काय लिहिलंय. 'त्या दिवशी यंत्र सुरूच करू नये.'"

"आणि कपाट? ते बंद करून कसं चालेल? तासाभरात गार पडेल."

"तेच तर. बँका बंद ठेवतील, कचेऱ्या ठेवतील. आपल्याला कसं जमणार?" त्यांनी बोट खाली सरकवलं. "पण पुढे बघा ना. 'ज्यांना यंत्र बंद ठेवणे शक्य नाही त्यांनी यंत्रातील तारीख पुढे सरकवावी.' म्हणजे काय, शेवटची तारीख त्याला दिसलीच नाही पाहिजे. वाळवी उठायची वाट बघत बसेल आणि तारीख येणारच नाही!"

धाकटी दांडा ओढता-ओढता म्हणाली, "म्हणजे व्हायरसला उल्लू बनवायचं. हे काम तुम्हालाच जमणार."

"तू दांडा ओढ."

वहिनी विचारात पडली. यंत्र ज्या कंपनीचं होतं तिथे तिनं फोन लावला. दिवसभर लागत नव्हता. सगळ्या गावाचे फोन तिथेच चालले असणार. संध्याकाळी एका मुलीनं उचलला. तिचा आवाज थकून गेला होता. "तारीख पुढे करून ठेवा," ती म्हणाली. वहिनीनं विचारलं, "आमचं यंत्र कपाटाचं आहे, चालेल ना?" मुलीला बहुतेक वाटलं, कपाटं बनवायचा कारखाना असेल. "हो, चालेल, सगळ्यांना तेच सांगतोय," असं म्हणून तिनं फोन ठेवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी पेपर मोठ्यानं वाचला आणि वहिनीनं एकेक बटण दाबलं.

"किती पुढे करू?"

"करा दोन आठवडे. पुढच्या महिन्यातल्या तारखाही टळतील. एकदाच भीती गेलेली बरी."

वहिनीनं आकडे घातले. यंत्रानं विचारलं, ही तारीख बरोबर आहे का? तिचं बोट क्षणभर बटणावर थांबलं. खरं तर ती खोटं सांगत होती, आणि यंत्राला का होईना, खोटं सांगायची तिला सवय नव्हती. एवढंच आलं तिच्या मनात. याहून दुसरं काही आलं नाही. तिनं बटण दाबलं.

"झालं!" भाऊजी हातावर हात मारून म्हणाले. "आता एक करायचं. याला कुणी हातच लावायचा नाही. पेपरात लिहिलंय, जितकं कमी हाताळाल तितकं बरं." त्यांनी स्क्रीन बंद केला, कॉम्प्युटरवर घरातली जाड सतरंजी घातली आणि वर खडूनं लिहिलेली पाटी ठेवली: 'हात लावू नये.'

"पण भाऊजी, नव्या कपाटाचं दार उघडायचं तर कॉम्प्युटरचं बटण दाबावं लागतं. माझा नेम..."

"वहिनी, चार-पाच दिवसांचा तर प्रश्न. देव काय रागावणार आहे का? उलट म्हणेल, शहाणी बाई. एवढी पाहुण्यांची अंडी आत, आणि नेमापायी वाळवीला दार उघडून दिलंत तर?"

मोठे, म्हणजे वहिनीचे यजमान, पिल्लं पोचवायला लांबच्या फेरीवर गेले होते. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. वहिनीनं मान हलवली.

त्या दिवसांत ती सकाळी जुन्या कपाटांतली अंडी दिव्यासमोर धरायची आणि नव्या कपाटापाशी येऊन नुसती उभी राहायची. पोलादावर तळवा टेकवायची. बाहेरून काही कळायचं नाही; ते कपाट बनवलंच होतं असं, की आतली ऊब बाहेर सांडू नये. एकदा तिला वाटलं, काहीतरी कमी आहे. कसला तरी आवाज. ती कान देऊन उभी राहिली. जुन्या कपाटांचे पंखे घरघरत होते.

"धाकटे, हे यंत्र गप्प नाही वाटत तुला?"

"गप्पच बरं. सतरंजीखाली घालून ठेवलंय म्हटल्यावर काय बोलणार? माझ्या नवऱ्यावर पण घालून बघायला हवी एकदा."

दोघी हसल्या. आणि त्या हसण्यात ते वाटणं वाहून गेलं.

*

शेवटची तारीख आली. सगळं गाव श्वास रोखून होतं. आणि काही झालं नाही. कुठेतरी लांबच्या देशात काही यंत्रं बंद पडल्याचं रेडिओनं सांगितलं, तेही सहज, हवामानाच्या आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी खिदळतच आले. "वाळवी आली आणि उपाशी गेली! वहिनी, तुम्हाला खरं सांगतो, गावात आपल्याइतकी तयारी कुणाची नव्हती."

"चला, उचला ती सतरंजी," धाकटी म्हणाली. "मला ती धुवायची आहे."

वहिनी खोलीच्या दाराशी थांबली, श्वास बसू दिला, कडी काढली. आज नेम पुरा होणार म्हणून तिचं मन हलकं होतं. भाऊजींनी मोठ्या थाटात सतरंजी ओढली, एखाद्या नव्या वस्तूचं उद्घाटन करावं तशी. वहिनीनं स्क्रीन सुरू केला.

आधी अंधार, मग हिरवट उजेड, मग अक्षरं.

तिनं ती वाचली. परत वाचली.

"काय म्हणतंय?" भाऊजींनी मान पुढे केली.

उबवणी पूर्ण, असं यंत्र म्हणत होतं. ट्रे कलवणं बंद. पिल्लं बाहेर आली, असं धरून ऊब उतरवली.

"कुठली पिल्लं?" भाऊजी म्हणाले. "अजून वेळ आहे ना त्यांना?"

वहिनीला दिसत होतं. तारीख सरकवली त्या क्षणी यंत्रानं दिवस मोजले होते. ते दुसरं काही करूच शकत नव्हतं. दिवस मोजणं हेच तर त्याचं काम. अर्ध्या वाटेवरची अंडी त्याच्या लेखी एका झटक्यात शेवटाला पोचली होती. त्यानं ट्रे कलवणं थांबवलं. तिनं सांगितलेल्या खोट्यावर त्यानं इमानानं विश्वास ठेवला होता आणि बंद स्क्रीनमागे, सतरंजीखाली, कुणालाही न दिसणाऱ्या अक्षरांत ते रोज तेच सांगत बसलं होतं. आणि तो कमी पडलेला आवाज ट्रे कलताना होणाऱ्या खरखरीचा होता.

बटण दाबून तिनं दार उघडलं. चेहऱ्यावर नेहमी येते तशी ऊब आली नाही. दमट, कोमट हवा आली. ताप उतरलेल्या कपाळासारखी.

"अगं आई," धाकटी एवढंच म्हणाली.

वहिनीनं ऊब वाढवली, हातानं ट्रे कलवला आणि पहिलं अंडं घेऊन खोपटात गेली. दिवा लावला. कवच उजळलं. शिरा नव्हत्या. त्या जागी एक लालसर कडं होतं, पाणी आटल्यावर भांड्याला राहतं तसं, आणि एका बाजूला चिकटलेला काळा गोळा. तिनं अंडं हळूच फिरवलं. काळा गोळा फिरला नाही. तिनं वाट बघितली. कधीकधी ते झोपेत असतात, मग एकदम पाय झाडतात. तिनं बरीच वाट बघितली.

दुसरं. तेच.

धाकटी एकेक अंडं आणून देत होती आणि एकेक परत नेत होती. तिची सगळी टोमणेगिरी गळून गेली होती. खोपटात फक्त दिव्याची गरम तार आणि वहिनीचा श्वास. चौथ्या-पाचव्या अंड्यापासून वहिनीच्या हातांना कळायला लागलं, दिव्यासमोर धरायच्या आधीच. तरी ती धरत होती.

"वहिनी, हे हललं!"

दोघींनी बघितलं. शिरांचं जाळं फिकट होतं, पण होतं. ठिपका हलला, थांबला, परत हलला. धाकटी हुंदका देऊन रडायलाच लागली. वहिनीनं ते अंडं दोन्ही तळव्यांत घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला देवाचं नाव घ्यायचं होतं. रोजचं, ओठांवर बसलेलं नाव. ते आलंच नाही.

सगळी बघून झाल्यावर तीन अंड्यांत जीव निघाला. बाकीच्या ट्रेकडे बघवत नव्हतं, कारण बाहेरून त्या अंड्यांत काही फरक नव्हता. तशीच ठिपक्यांची, तशीच गुळगुळीत, देखणी.

भाऊजी बाहेर जुन्या कपाटाचा दांडा ओढत होते. वर करत होते, परत ओढत होते. धाकटी म्हणाली, "अहो, पुरे. आतली गरगरून मरतील." तेव्हा ते थांबले. चेहरा पांढरा पडला होता.

"मी कंपनीत फोन केला," ते म्हणाले. "आज लगेच लागला. एका माणसानं उचलला, शांत होता. म्हणाला, तुमच्या यंत्रात बाहेरची फ्लॉपी कधी घातली होती का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरला कधी जोडलं होतं का? म्हटलं, नाही हो. तर तो म्हणाला..." त्यांनी दांडा सोडला. "म्हणाला, मग त्यात व्हायरस येणार तरी कुठून?"

जुन्या कपाटांत, जिथे तारीख माहीत असलेलं काहीच नव्हतं, तिथे कोंबडीचं एखादं पिल्लू वेळेवर बाहेर येऊन चिवचिवत होतं.

"वहिनी," भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, "राखणदाराला काय सांगायचं? म्हणजे... आणताना हादरलीही असतील. पायी आणली होती त्यानं. एवढ्या लांबून."

धाकटीनं नवऱ्याकडे असं बघितलं, की त्यांनी मान खाली घातली. "मी नुसतं म्हटलं," ते पुटपुटले. "नुसतं तोंडातून गेलं." आणि मग हा मोठा माणूस जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

वहिनी त्यांच्यापाशी वाकली. "भाऊजी, पेपर वाचला तुम्ही. पण बटण मी दाबलं. उठा. त्या तिघांना पाणी शिंपडलेल्या फडक्यावर ठेवायचंय, आणि ऊब हातानं बघायची. धाकटे, तू बघशील? हे यंत्र आता नको."

"जाऊबाई, मी हलत नाही इथून," धाकटी म्हणाली. ती तिला पहिल्यांदाच जाऊबाई म्हणाली होती.

*

फोनवर आज यंत्रांचा खडखडाट नव्हता. वारा होता आणि लांबून, लव्हाळ्यातून, करकोच्यांची तुतारीसारखी साद.

"ताई! मीच करणार होतो फोन," राखणदार म्हणाला. "काम संपलं. यंत्रं गेली काल. तळं असं शांत झालंय की काय सांगू. उद्या येतो न्यायला. सगळ्या जोड्या बसून आहेत, एकही घरटं सोडून गेली नाही."

वहिनीनं फोनची दोरी बोटाला गुंडाळली होती. ती इतकी आवळली गेली की बोट पांढरं पडलं. मग तिनं सांगितलं. सरळ, जसं झालं तसं: तारीख, सतरंजी, ट्रे, ऊब. आपण दाबलेलं बटण. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळे ते ऐकायला जास्तच कठीण जात असावं.

पलीकडून साद आली, पक्ष्याची.

"किती?" त्यानं विचारलं.

"तीन जिवंत आहेत."

"तीन."

त्यानं तो आकडा पुन्हा एकदा उच्चारला, नव्या भाषेतला शब्द शिकावा तसा. ओरडला असता तर बरं, असं वहिनीला वाटलं. तो ओरडला नाही.

"म्हणजे तीन घरटी निवडायची," तो अखेर म्हणाला. "आणि बाकीच्यांखालचं लाकूड काढून घ्यायचं. नाहीतर बसून राहतील त्या. पाऊस येईल, पाणी चढेल, तरी उठायच्या नाहीत. आत्ता काढलं तर कदाचित पुन्हा घालतील. कदाचित. मी ठेवली होती ताई, माझ्या हातानं. त्यांच्या देखत. आता परत हात घालून काढायची म्हणजे... माझ्यानं नाही व्हायचं."

वहिनीनं डोळे मिटले.

"तुम्ही जिवंत असलेली तेवढी ठेवा," ती म्हणाली. "लाकडाची मी काढते."

"टोचतील. मोठी चोच असते त्यांची. माझ्या हातावर अजून वण आहेत."

"टोचू द्या."

"चिखल आहे कमरेएवढा."

"हो."

"मग आजच या," तो म्हणाला. "ऊन आहे तोवर. ऊन असताना ठेवलेली बरी."

"आज येते. नक्की येते."

घरात येऊन तिनं तीन अंडी लोकरीत गुंडाळली, त्याच पेटीत ठेवली, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून बसवल्या. धाकटीनं न विचारता एका रिकाम्या पिशवीत आणखी एक बाटली भरून दिली. भाऊजी दारात उभे होते. त्यांनी आपली उंच रबरी गमबुटं पुढे केली, हॅचरी धुताना घालायची.

"मोठी होतील तुम्हाला," ते म्हणाले. "मी येऊ का?"

"तुम्ही दांडा बघा."

त्यांनी मान हलवली. मग घाईनं म्हणाले, "आणि ती उरलेली... ट्रेमधली... मी कुंपणापाशी खड्डा खणतो. तुम्ही यायच्या आत. तुम्हाला बघायला नको."

वहिनीनं गमबुटांत कागदाचे बोळे कोंबले, पाय घातले, दोन पावलं चालून बघितली. सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं. धाकटीनं घास तरी खाऊन जा म्हटलं, तेव्हा तिनं मानेनंच नको म्हटलं.

पेटी तिनं पदराखाली, पोटाशी धरली. रस्त्यावर ऊन होतं आणि लोक आपापल्या कामाला निघाले होते. कुणीतरी कोपऱ्यावर वाळवीवरून विनोद करत होतं आणि ऐकणारे हसत होते. तिला एका ओळखीच्या बाईनं हाक मारली, एवढी कुठे निघालीस म्हणून विचारलं.

"तळ्यावर," ती म्हणाली आणि चालत राहिली. भराभरा नाही आणि थांबतही नाही. पेटीला हिसका बसू नये एवढ्याच वेगानं.